एकदाच परत पाठवता येणारी फाइल

गेल्या रविवारी म्हैसूरला, नजरबादच्या घरी नातीची उजळणी घ्यायला बसलो, आणि नापास मीच झालो.

मुलगा तिला गेटपाशी सोडतो, हॉर्न वाजवतो आणि गाडीतून न उतरताच निघून जातो. बायको गेल्यापासून रविवारी घरात तेवढेच आवाज... आधी हॉर्न, मग अनन्या. "ताता, सिव्हिक्स ऐका ना. नाळे टेस्ट आहे." म्हैसूरच्या मुली आजोबांना ताता म्हणतात, आणि उद्याला ही नाळेच म्हणते. तिचं मराठी निम्मंच उरलंय... पण कानाला गोड लागतं.

धडा होता राष्ट्रपती आणि पंतप्रधानांचा. देशाचा कारभार राष्ट्रपतींच्या नावानं चालतो, पण ठरवतात पंतप्रधान आणि त्यांचं मंत्रिमंडळ. मी विचारलं, "मग राष्ट्रपती करतात काय?"

"साइन करतात." मग माझ्याकडे बघून हसली. "ताता, तुमच्यासारखं!"

मीही हसलो... पण लागलं.

हेब्बाळला आमचा कापडछपाईचा कारखाना आहे. वडील दुसऱ्यांचं कापड रंगवायचे, मी भाड्याच्या शेडमध्ये एक टेबल टाकून सुरुवात केली. आता मी चेअरमन आणि मुलगा प्रसाद एम.डी. प्रत्येक आदेश माझ्या नावानं निघतो... आणि सेक्रेटरी शैला मॅडम फाइल आणतात तेव्हा सही कुठे करायची तिथे पिवळी चिठ्ठी आधीच चिकटवलेली असते. केबिन मोठी, काचेची. सगळे दिसतात. येत कोणी नाही.

अनन्याचं चालूच होतं. "अल्ला ताता, तसं नाही, अजून आहे! प्रेसिडेंटना पटलं नाही तर परत पाठवतात, पुन्हा विचार करा म्हणून. पण ओन्ली वन्स. तेच परत आलं तर साइन करायलाच लागतं." शिवाय घेतलेले निर्णय पंतप्रधानांनी राष्ट्रपतींना कळवायचे, आणि ते मागतील ती माहिती द्यायची.

"विचारायचं पण एकदाच?" मी म्हटलं.

तिनं पुस्तक उलटसुलट केलं. "तसं नाही लिहिलं."

सोमवारी फाइल आली. सिद्धराजूला रंगखोलीतून काढून डिस्पॅचला टाकायचं. (हे त्याचं खरं नाव नाही. आणि त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच इथे लिहायचं धाडस करतोय.) माझ्या पहिल्या टेबलापासूनचा माणूस. कुठलीही छटा नुसत्या नजरेनं जुळवणारा. रोज अकराला अंगठ्याला रंग लावून यायचा आणि माझ्यापुढे धरायचा... "अण्णा, नोडी." बघा म्हणून.

काही महिन्यांपासून त्याचं येणं बंद झालं होतं. मला वाटलं, काचेच्या केबिनला बुजला असेल. आणि आता त्याची खोलीच काढून घ्यायची, तीही माझ्या सहीनं?

मी पिवळी चिठ्ठी काढली आणि तिच्यावरच लिहिलं, 'फेरविचार करावा.' शैला मॅडमनी ती दोनदा वाचली. असं कधी घडलंच नव्हतं ना...

मंगळवारी फाइल परत आली. एक अक्षर बदललेलं नव्हतं. पण या वेळी ती घेऊन प्रसाद स्वतः आला. दार लावून समोर बसला.

"अप्पा, हे त्यानंच मागितलंय. निळा आणि हिरवा आता त्याला वेगळे दिसत नाहीत. दोन लॉट बिघडले तेव्हा रडला माझ्यासमोर. म्हणाला, अण्णांना तेवढं कळू देऊ नका."

सगळा कारखाना म्हणतो, अण्णांचे कान तिखट. बंद दारातून कुठल्या मशीनचा पट्टा सैल झालाय ते मी सांगतो... आणि रोज येणारी एक हाक बंद झाली, ती का, हे मला ऐकू आलं नाही.

सही केली.

प्रसाद लगेच उठला नाही. कॉफी झाली. अनन्याच्या टेस्टचं बोलला, स्वतःच्या पाठदुखीचं बोलला... त्याची पाठ दुखते हेच मला माहीत नव्हतं. अर्धा तास बसला असेल. मी घड्याळाकडे बघायचं टाळलं.

बुधवारी अकराला मीच खाली डिस्पॅचला गेलो, आणि सिद्धराजूशेजारी खोक्यावर बसलो. कळल्याचं दाखवलं नाही. त्यानं कन्नडमध्ये विचारलं, "काय अण्णा, एसी बिघडला का?" मी म्हटलं, "हौदु रे, बिघडला." एसी चांगला गार चालू होता.

आज नवी फाइल आली. पुन्हा शैला मॅडमच्याच हातून, पुन्हा पिवळी चिठ्ठी. रिसेप्शनचे पडदे बदलायचे आहेत. परत पाठवण्यासारखं त्यात काही नाही. मी पेन उघडलं... आणि बंद केलं.

म्हटलं, "एम.डी. साहेबांना सांगा, अप्पांना थोडी माहिती हवी आहे."

पडद्यांचं सगळं कळलं होतं हो... पण विचारायला मर्यादा आहे, असं नातीच्या पुस्तकात कुठे नाही. त्या पुस्तकाचे आभार. कॉफी दोन सांगितली आहे, आणि ती येईपर्यंत हे लिहीत बसलोय.

जिन्यावर बूट वाजतायत... डावा पाय जरा जड पडतोय. पाठ अजून दुखतेय त्याची.