रुद्रम्माचं मत

जळकोटचा गौरीशंकर बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. त्याच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत, त्याला काय हवंय ते हाच सांगून टाकी. धाकट्या बहिणीचं, रुद्रम्माचं, तर सगळंच बोलणं त्यानं आपल्याकडं घेतलं होतं. ती चाळिशीची, पण जन्मापासून समज कमी. "तिला काय कळत न्हाय," असं तो तिच्यादेखत सांगायचा आणि तीही मान डोलवायची.

आई होती तोवर निभावलं. ती गेल्यावर बँक काय, दवाखाना काय, जो तो रुद्रम्माच्या पालकाचा कागद मागू लागला. म्हणून तो तिला घेऊन धाराशिवला, अशा समज कमी असलेल्या प्रौढांना कायदेशीर पालक नेमून देणाऱ्या समितीपुढं आला. एसटीत तिला बजावून ठेवलं, "तू गप बस. म्या बोलतो."

बोललाही तो भरपूर. बहिणीला फुलासारखं जपतो म्हणाला. समितीतल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि हातानंच त्याला थांबवलं.

"आता त्यांचं मत ऐकू. रुद्रम्माताई, तुम्हाला कुणाकडं राहायचंय?"

"अण्णाकडं," रुद्रम्मा म्हणाली. गौरीशंकरचा जीव भांड्यात पडला. पण एवढ्यावर आपल्याला ठेवून घेतील की नाही, याची तिला खात्री वाटेना. ती घाईघाईनं सांगू लागली, "म्या तरास देत न्हाय. पाव्हणे आले की गोठ्यात जाते. अण्णा कडी लावतो. म्या दार वाजवत न्हाय. शुभांगीच्या लग्नात लई येळ बसले. रडले न्हाय. वैनीला इचारा."

शुभांगीचं, आपल्या पोरीचं, जमलेलं लग्न मोडेल म्हणून गौरीशंकरनं पाव्हण्यांना सांगितलं होतं, बहीण अणदूरला मावशीकडं गेलीय. कडी स्वतःच्या हातानं लावली होती आणि मांडवात जाऊन हसतमुखानं पंगत वाढली होती. आज त्याला लाजेनं मान वर करवेना. तिनं तक्रार केली असती तर त्यानं दहा सबबी सांगितल्या असत्या. ती तर गोठ्यात गप बसण्याचाच मोठेपणा सांगत होती.

"मॅडम," तो कसाबसा म्हणाला, "कागद आज राहू द्या. म्या त्या लायकीचा न्हाय."

रुद्रम्माचा चेहरा उतरला. तिनं त्याची बाही धरली आणि हळूच विचारलं, "अण्णा, म्या चुकीचं बोलले का?"