वीस शिलिंगांची लक्ष्मी

माझ्या नवऱ्याला आफ्रिकेचं वेड आहे आणि आम्ही अजून गोव्याच्या खाली उतरलेलो नव्हतो. सुधीर तिथल्या जुन्या नोटा जमवतो, दुसरं महायुद्ध संपल्यापासून ते देश स्वतंत्र होईपर्यंतच्या. त्यात पूर्व आफ्रिकेचा एक संच आहे, इंग्लंडच्या तरुण राणीचं चित्र असलेला. पाच, दहा, शंभर शिलिंग मिळाले होते. विसाची निळी नोट काही केल्या हाती लागेना. गेली कित्येक वर्षं अल्बममधला तो रिकामा कप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून झाला होता. बंगळुरात जुन्या नोटांचं प्रदर्शन भरतंय असं कळलं आणि दिवाळी तोंडावर असताना, घरातली जळमटं तशीच सोडून, आम्ही मिरजेहून रेल्वेत बसलो. मी निघाले ती तिथल्या चिकपेट बाजारातल्या साड्यांसाठी, उगाच खोटं कशाला बोलू!

जाणाऱ्यांनी मॅजेस्टिकजवळ, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनाच्या बाजूला, उतरायला जागा घ्यावी. खोल्या लहान, पण मेट्रो पायाशी. सकाळी समोरच्या दर्शिनीत, म्हणजे तिथल्या बिनखुर्च्यांच्या हॉटेलात, उभ्या उभ्या ताटलीएवढी तट्टे इडली, केशरी भात म्हणजे आपला शिरा आणि कापी म्हणजे कॉफी घेतली. दोघांचं पोट दीडशे रुपयांत टम्म भरलं.

प्रदर्शनात मात्र निराशा झाली. निळी नोट होती, कोरी करकरीत, पण भाव ऐकून सुधीरने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. भाव तोच राहिला. आमची मराठीतली कुजबुज ऐकून टेबलामागचा विक्रेता हसला. त्याचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं.

"आमच्या आत्याकडे आहे की एक," तो म्हणाला. "चिकपेटात राहते. अक्का म्हणतात तिला सगळे. पण नोट स्वल्प, म्हणजे जराशी... बघाच तुम्ही."

मॅजेस्टिकहून हिरव्या मेट्रोने चिकपेट एकच स्टेशन. तिथे रिक्षा करू नका, ती अडकते आणि आपण आत बसून राहतो. कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेल्या हमालांना वाट देत आम्ही गल्लीत शिरलो. साड्यांच्या दुकानांकडे मी नुसतं बघत बघत पुढे गेले, यावरून नवऱ्यावरचं माझं प्रेम ओळखावं.

अक्का दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायच्या. ऐंशीच्या आसपासच्या, हात थोडे थरथरणारे. खोलीभर खोकी बांधून ठेवलेली.

"या, या. ऊट झालं का? जेवून घ्या की आधी," त्या म्हणाल्या. नको म्हणायची सोय नव्हती. भात, सारू म्हणजे आपलं सार आणि वर लोणकढं तूप. जेवता जेवता कळलं की त्यांचे दीर नैरोबीत रेल्वेत कारकून होते. परत आले तेव्हा त्यांनी नव्या वहिनीला, म्हणजे अक्कांना, ही नोट ओवाळणी म्हणून घातली.

मग त्यांनी देवघरातून नोट काढली. सुधीरने नोटा धरायचा चिमटा बाहेर काढला होता, तो हातातच राहिला.

नोटेवर हळदीचे पिवळे डाग होते आणि राणीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू!

"दर लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवते," अक्का म्हणाल्या. "आमचे गेले, मला लावायचं बंद झालं. हिला लावायचं मी नाही बंद केलं."

घरी नोटेजवळ मी शिंकले तरी सुधीर अल्बम घेऊन दुसऱ्या खोलीत जातो. पण त्याची नजर त्या नोटेवरून हलेना. त्याने किंमत विचारली.

"अय्यो! लक्ष्मी विकतात का?" अक्का म्हणाल्या. "मी जाणार देवनहळ्ळीला, तिकडे विमानतळाकडे, मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये. हात हलतो, एक दिवस समईत पडेल ही. घेऊन जा. फक्त दर लक्ष्मीपूजनाला कुंकू लावायचं. सरी?"

हो म्हणायचं आणि घरी जाऊन प्लास्टिकच्या कप्प्यात घालायची, इतकं सोपं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"नाही जमणार, अक्का," तो म्हणाला. "माझ्या हातून कागदाला कुंकू लागणार नाही. तुम्हाला खोटं नाही सांगणार."

अक्कांचा चेहरा उतरला. सुधीर चिमटा खिशात ठेवू लागला. मला त्या दोघांची इतकी दया आली की मी बोलून गेले, "मी लावीन."

अक्कांनी मला नीट न्याहाळलं. "मग नोट तुझी. जावयांची नाही."

निघताना त्यांनी करंडा पुढे केला आणि म्हणाल्या, "तूच लावून घे गं." मी लावून घेतलं आणि त्याच बोटाने त्यांच्याही कपाळाला लावलं. त्यांनी ते पुसलं नाही. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. साड्या राहूनच गेल्या.

परतीच्या प्रवासात नोट माझ्या पर्समध्ये होती आणि सुधीर मिरजेपर्यंत त्या पर्सशेजारून हलला नाही.

लक्ष्मीपूजनाला मी पाट मांडला. सुधीर मागे घिरट्या घालत होता. "हात धुतलेस? कोरडं कुंकू घे. ओलं नको." मी चिमूटभर कुंकू उचललं, तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं.

"थांब. तुझं तिरकं जाईल." त्याने चष्मा सारखा केला, करंड्यात बोट बुडवलं आणि राणीच्या कपाळावर, जुन्या डागावर बरोब्बर टेकवलं. मग बोट कुठे पुसावं ते त्याला सुचेना.

मी अक्कांना फोन लावला.

"लावलंस का गं?"

"लावलं, अक्का. पण मी नाही, ह्याने."

पलीकडे त्यांनी टीव्ही बंद केला. "मग आता नोट त्याची," अक्का म्हणाल्या. "सांग त्याला, ठेव म्हणावं पुस्तकात."

मी सांगितलं. रिकाम्या कप्प्याचं पान उघडून त्याने अल्बम आधीच टेबलावर ठेवला होता, पण समई शांत होईपर्यंत त्याने नोट पाटावरून उचलली नाही.