धाकटी लॅपटॉप बघायला आली तो रविवार

लॅपटॉप बिघडला तो त्या रविवारच्या चार-पाच दिवस आधी. आदल्या दिवसापर्यंत तो अगदी ठीक होता. त्या सकाळी मी तो सुरू केला, चहा टाकला, गाळला, प्यायले, कप विसळून पालथा घातला, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतंच होतं. शेवटी एकदाची फाईल उघडली, तर कळ दाबली की अक्षर उमटायला इतका वेळ लागायचा की मी पुन्हा तीच कळ दाबायची आणि मग सगळं एकदम यायचं. एका वेलांटीच्या जागी तीन वेलांट्या.

मी घरी बसून प्रुफं तपासते. प्रकाशकाकडून फाईल येते, मी चुका काढते आणि परत पाठवते. डोळ्यांचं काम आहे, पण लॅपटॉप असा रांगायला लागला की डोळ्यांचा काय उपयोग? नवरा गावच्या घराची डागडुजी करायला कुडाळला गेला होता. त्याला फोन केला तर त्याने एकच उपाय सांगितला, "बंद करून चालू कर." तो मी सकाळपासून करतच होते.

खरं तर कोणाला विचारायचं ते मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. माझी धाकटी बहीण बदलापूरला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. पण तिला फोन लावायला माझा हात उचलेना. आमच्यात भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान ते मिटवायला तरी कोणीतरी फोन केला असता. आई होती तोवर आम्ही दोघी डिलाईल रोडच्या चाळीत तिच्या खोलीवर भेटायचो. मी लालबागहून चालत जायची, ती बदलापूरहून यायची. एकमेकींना भेटायचं म्हणून आम्ही कधी ठरवलंच नाही. आईकडे जायचं आणि तिथे दुसरी असायचीच. आई गेली, पाठोपाठ चाळ पाडायला घेतली, आणि मग लक्षात आलं की आम्हाला भेटायला जागाच उरली नाही. आपापल्या घरी बोलवायची सवयच नव्हती. सुरुवातीला महिन्यातून फोन व्हायचे, मग सणावारी, मग सणालाही नुसता मेसेज.

संध्याकाळी लावलाच फोन.

"ताई? काय गं, सगळं बरं आहे ना?" तिने घाबऱ्या आवाजात विचारलं. बऱ्याच दिवसांनी फोन आला की माणसाच्या मनात आधी वाईटच येतं.

"बरं आहे गं. लॅपटॉप बिघडलाय."

ती सुटल्यासारखी हसली. "बिघडलाय म्हणजे?"

"स्लो झालाय. एकदम."

मग तिचा मास्तरणीचा आवाज सुरू झाला. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. तिने मला तीन कळा एकदम दाबायला लावल्या. एक खिडकी उघडली, तिच्यात रकाने होते.

"लाल कुठला झालाय?"

"डिस्क लिहिलंय तो. शंभर टक्के."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे आरामात आहेत."

"हं. एकटी डिस्क मरतेय म्हणजे." मग तिने लॅपटॉप सुरू होताच आपोआप उघडणारे सगळे प्रोग्राम एकेक करून बंद करायला सांगितले. त्यातले निम्मे मी कधी घेतले होते तेही मला आठवेना. शिवाय दोन अँटीव्हायरस निघाले. "अगं, दोन कशाला? एक आत येतो, दुसरा त्यालाच चोर समजतो. काढ त्यातला एक." मी काढला. आम्ही तासभर बोललो आणि त्या तासात एकदाही "तुझी तब्येत कशी, भावजींची कशी" असलं काही बोललो नाही. मला ते फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप जरा सुधारला. त्यानंतरच्या दिवशी पुन्हा तसाच. पुन्हा फोन. या वेळी तिने अपडेट अडकलंय का ते बघायला लावलं, डिस्क भरलीये का ते बघायला लावलं. भरली नव्हती.

"ताई, त्याला कान लाव."

"काय?"

"खाली, डाव्या हाताला कान लाव. काही ऐकू येतंय?"

मी वाकून कान टेकला. आतून बारीक टकटक येत होती. थांबायची, पुन्हा यायची. मी तिला सांगितलं.

"बंद कर," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. आणि आता काहीही उघडू नकोस. डिस्क जातेय ती. मी रविवारी येते."

तिने ते इतक्या सहज म्हटलं की मी नुसतं "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत राहिले. ती येणार होती. या घरात ती याआधी फक्त बारशा-लग्नाला आली होती, तीही पाहुण्यांच्या गर्दीत.

रविवारी सकाळीच मी बाजारातून बांगडे आणले. ती आली तेव्हा पाठीवर सॅक होती आणि केस आखूड कापलेले. मी तिच्याकडे बघतच राहिले. कानाजवळचे केस पांढरे झाले होते, ते तिने रंगवले नव्हते. माझ्या डोक्यात ती अजून पोटमाळ्यावर माझ्या शेजारी झोपणारी, झोपेत लाथा मारणारी मुलगी होती.

"पाणी दे आणि पेशंट दाखव," ती म्हणाली.

तिने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, लॅपटॉप पालथा केला आणि छोट्या पेचकसाने स्क्रू काढायला लागली. स्क्रू ठेवायला मी वाटी दिली. पंख्यापाशी धुळीचा एक मऊ पापुद्रा जमला होता. तो तिने चिमटीत धरून मला दाखवला, जणू तो मीच विणला होता. मग जुनी डिस्क अलगद बाहेर काढून तिने एका वायरने आपल्या लॅपटॉपला जोडली.

"आधी यातलं जे वाचेल ते काढून घेऊ. मग मी आणलेली नवी डिस्क बसवते."

पडद्यावर एक हिरवी पट्टी आली आणि खाली लिहून आलं की दोन तास लागतील. आम्ही बघत असतानाच त्याचे अकरा तास झाले.

"घ्या," ती म्हणाली. "हे असंच चालणार आता. जिथे डिस्क खराब झालीये तिथे पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतं ते."

"मग तुला उशीर होईल?"

"होऊ दे."

मला आनंद झाला तो मी लपवला. बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाटसर तिखट कालवण, केलेलं होतं. आम्ही टेबल अडलेलं म्हणून खाली बसूनच जेवलो. तिने दुसऱ्यांदा भात घेतला आणि ताटात बघत म्हणाली, "तिरफळं घातलीस. मला वाटलं आता तू घालत नसशील."

"का नाही घालणार?"

"मी नाही घालत. घरात कोणाला आवडत नाहीत. काढून काढून ठेवतात."

हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती आपल्या घरात तिरफळांशिवाय बांगडे खातेय, हे मला कोणी सांगायला हवं होतं असं उगाच वाटलं.

दुपारभर पट्टी सरकत होती, अडत होती. ती मधूनच उठून बघून यायची. बाकीचा वेळ आम्ही जमिनीवर उशा टाकून पडलो होतो, खिडकीतून वारा येत होता, आणि बोलत होतो. तिने सांगितलं की मागच्या पावसाळ्यात तिला गर्भाशयाची गाठ काढावी लागली होती.

"आणि मला कळवलं नाहीस?"

"फोन हातात घेतला होता गं. मग वाटलं, तू धावत येशील, आणि इतक्या दिवसांनी भेटायचं ते हॉस्पिटलात. नको वाटलं."

मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही.

चारच्या सुमारास तिच्या लॅपटॉपने टिंग केलं. ती उठून गेली आणि बराच वेळ तिथेच वाकून उभी राहिली.

"तुझं काम सगळं आलंय," ती म्हणाली. "फोटोही बहुतेक सगळे. काही फाईली वाचता नाही आल्या."

"कुठल्या?"

"थोडे व्हिडिओ." ती माझ्याकडे वळली. "शिरवाळ्यांचा गेलाय, ताई."

तो व्हिडिओ आईच्या खोलीतला होता. शेवटच्या वर्षी आईने हट्ट धरून शिरवाळे केले होते. तांदळाच्या उकडीचे गरम गोळे लाकडी साच्यात घालून दाबायचे, खाली शेवया पडतात, त्या नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या. दाबायला जोर लागतो. आईच्या हातात तो उरला नव्हता, म्हणून दांडा मी दाबत होते, आई खाली ताट फिरवत होती आणि धाकटी मोबाईलवर ते टिपत होती. नंतर तिचा फोन चोरीला गेला, म्हणून व्हिडिओ फक्त माझ्याकडे होता. माझ्याकडे आहे म्हणून मी तो कधी दुसरीकडे ठेवला नाही. बघायचीही नाही फारशी. आहे, एवढं पुरायचं.

तिने पुन्हा वायर लावून पाहिली. वेगळा प्रोग्राम चालवून पाहिला. डिस्क टकटकली आणि मग ती टकटकही थांबली. धाकटी खुर्चीत मागे टेकून बसली.

"सॉरी गं."

"तू कशाला सॉरी?"

थोड्या वेळाने मीच म्हणाले, "आई त्यात तुला ओरडली होती. हात पिठान भरलेले आसत, फोटो कसले काढतंस, म्हणाली होती."

"छे. ते तिने मोदकांच्या वेळी म्हटलं होतं. यात ती तुला सांगत होती. गो, हळू दाब, साचो मोडतलो."

"मला? मी तर जपून दाबत होते."

"जपून? दात ओठ खाऊन दाबत होतीस. आणि आईला हसू आवरत नव्हतं."

"आई हसली होती त्यात?"

"हसली होती की. पदर तोंडावर धरून. तू खाली बघत होतीस, तुला कसं दिसणार? मी समोर होते."

मला ते हसू आठवत नव्हतं. मी व्हिडिओ पाहिला होता तेव्हाही ते माझ्या लक्षात कसं आलं नाही? मी तिला पुन्हा सांगायला लावलं. पदर कुठला होता, हिरवा की चॉकलेटी? किती वेळ हसली? काही बोलली का मग? तिने सगळं सांगितलं. बाहेर गल्लीत कोणीतरी भाजीवाल्याला हाका मारत होतं. मी डोळे पुसले आणि चहा टाकायला उठले, कारण तिचेही डोळे भरून आले होते आणि ते मी बघितलेलं तिला आवडलं नसतं.

संध्याकाळपर्यंत नवी डिस्क बसली. लॅपटॉप सुरू केला तर बघता बघता पडदा उजळला. मी फाईल उघडली, एक ओळ टाइप केली. बोटांआधी अक्षरं पळत होती. "झालं," असं म्हणून तिने पेचकस सॅकमध्ये टाकला, आणि मला वाटलं, इतक्या लवकर का झालं.

तिला करी रोड स्टेशनपर्यंत सोडायला मी पुलावरून चालत गेले. पुलावरून दिसणारे टॉवर आता आम्हा दोघींनाही नीट ओळखू येत नाहीत. त्यातला आपल्या चाळीच्या जागेवरचा कुठला, यावर आम्ही थोडा वाद घातला आणि तो तसाच सोडून दिला. जिन्यापाशी ती म्हणाली, "येत जा गं बदलापूरला. लांब वाटतं, पण नाहीये तेवढं." मी हो म्हणाले. ती गर्दीत शिरली आणि मागे वळून न बघता गेली. ती पहिल्यापासून तशीच.

घरी आले तर टेबलावर चादर तशीच होती. मी ती झटकली, घडी केली. काम करायचं मनात नव्हतं, तरी लॅपटॉप उघडून बसले.

आई होती तेव्हा आम्ही दोघीही घरी पोचलो की आईला फोन करायचो. ती झोपायची नाही तोवर. आई गेल्यावर मी कुठून कुठे गेले, पोचले, ते कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगते, पण ते वेगळं. त्या दिवशी आठ-साडेआठला फोन वाजला.

"ताई, पोचले," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणाले. "जेव आणि झोप आता." आणि फोन ठेवल्यावर तो कितीतरी वेळ हातात तसाच धरून बसले.