खळ्यावरची कर्जत–खोपोली गाडी

१४ जानेवारी १९७९ रोजी हिरू बडेकरने खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या एका भंगारवाल्याकडून टेलिफोनचे जुने रिले एकशे बारा रुपये पंचाहत्तर पैशांना विकत घेतले. रिले म्हणजे विजेने आपोआप चालू-बंद होणारा खटका. पिशवी खांद्याला लावून तो पळसदरीला घरी आला, तेव्हा वडील भिवाजी ओटीवर बसले होते. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"यात गाडी कुठं हाय?"

"करायची हाय अजून."

"कर. पर औंदाचं वरीस शेवटचं. नापास झालास तर कर्जतला मामाच्या गिरनीवर बसायचं. मी पुन्ना इचारनार नाय."

खोपोलीजवळच्या तंत्रनिकेतनात विजेच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला हिरू आदल्या साली नापास झाला होता, आणि तोही फक्त प्रकल्पात. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारं यंत्र त्याने एकट्याने केलं होतं. परीक्षकांसमोर टाकी भरून वाहिली, पंप चालूच राहिला. मामाच्या गिरणीची त्याला लाज नव्हती. मामा माणूसही चांगला होता. पण गिरणीत पट्टा तुटला की नवा घालायचा, एवढंच काम. तो का तुटतो हे विचारलं की मामा म्हणे, "जुना झाला म्हनून."

या वर्षी हिरूने जोडीदार घेतले. गावातलाच पदू म्हसे हाताने चलाख होता आणि तोंडाने त्याहून. शिळफाट्याच्या किराणा दुकानदाराची मुलगी जया वर्गात एकटीच मुलगी, आणि तिने काढलेल्या आकृतीत चूक सापडत नसे. तिघांनी ठरवलं ते असं : कर्जत ते खोपोली चालकाशिवाय धावणाऱ्या गाडीचं चालतं मॉडेल. दोन डबे, सहा स्टेशनं, आणि रुळाचा पुढचा तुकडा रिकामा असल्याखेरीज मागचा डबा हलायचा नाही.

एवढा लांब रूळ मांडायला तंत्रनिकेतनात जागा नव्हती. बडेकरांचं खळं भात झोडून झाल्यावर रिकामंच पडलेलं असतं. हिरूने तिथे मांडामांड केली. पेट्यांना बांधतात त्या लोखंडी पट्ट्यांचे दोन रूळ, खाली बांबूच्या कांबी, मधे डब्याच्या मोटरला वीज देणारी तिसरी पट्टी. प्रत्येक स्टेशनाचा तुकडा वेगळा. डबा तुकड्यात शिरला की त्याची लोखंडी चाकं दोन्ही रूळ जोडत. मग त्या स्टेशनाचा दिवा लाल होई आणि मागच्या तुकड्याची वीज तुटे. जयाने सुवाच्य पाट्या लिहिल्या : कर्जत, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. वीज टेंपोच्या बॅटरीची.

फेब्रुवारीत एक डबा धावला. मार्चमध्ये दोन धावले, आणि शिमग्याच्या सुमारास मागचा डबा पुढच्यासाठी पहिल्यांदा आपणहून थांबला. हिरूची आई सोनुबाई कडेला सुपाने तांदूळ पाखडत होती.

"डायवर नाय तर यात कोन बसंल रं?" तिने विचारलं.

"तू बस काकी, फुकट," पदू म्हणाला. "तिकीट तपासायलाबी कोन नाय."

"मंग तू आदी बसशील मेल्या. तुजी तर सवयच हाय ती."

परीक्षकांनी २३ एप्रिलला पळसदरीला येऊन मॉडेल बघायचं ठरलं. सकाळी नऊच्या गाडीने येणार होते. एप्रिलपर्यंत खळ्याला भेगा पडल्या होत्या, धूळ उडत होती. हिरू आईला म्हणाला, "पाव्हने यायचेत. खळं असं दाखवायचं?"

आदल्या दिवशी रूळ उचलून कडेला ठेवले. भेगा चिखलाने बुजवल्या. सोनुबाईने शेण कालवलं आणि सगळं खळं सारवलं. पदूने पाणी आणलं, जयानेही पदर खोचून हात लावला. सारवण ओलं असतानाच हिरूने रूळ त्यात दाबून बसवले, म्हणजे वाळल्यावर हलणार नाहीत. इतके सरळ रूळ तीन महिन्यांत कधी बसले नव्हते. बॅटरी चार्जिंगला गेली होती, म्हणून चालवून बघणं सकाळवर टाकलं.

सकाळी सहाला बॅटरी जोडली आणि सहाही दिवे लाल लागले. डबे अजून पेटीत होते.

"तुजे भंगार रिले," पदू म्हणाला. "मी तवाच बोललो व्हतो."

"तीन महिनं चालले ते."

"पंपबी चालतच व्हता की तुजा."

हिरूने दोन रिले बदलून पाहिले, दिवे लालच. जया आकृती घेऊन एकेक तार तपासत होती. तारा बरोबर होत्या. मग सांधा बघायला म्हणून हिरूने केळवलीचा रूळ सारवणातून उपटला आणि हातात धरला. केळवलीचा दिवा हिरवा झाला. रूळ खाली ठेवला, पुन्हा लाल.

त्याने सारवणात बोट खुपसलं. वर पापुद्रा वाळला होता, खाली ओल होती. ओल्या शेणातून वीज एका रुळातून दुसऱ्यात जात होती, आणि यंत्र समजत होतं की प्रत्येक स्टेशनात डबा उभा आहे.

"मीच सारवायला लावलं," तो म्हणाला.

"आमी काय हात बांधून बसलो व्हतो?" जया म्हणाली. "आता रुळाखाली काय घालायचं ते बोल."

पदूने सायकल काढली आणि स्टेशनाजवळ चांगोच्या सायकल दुकानातून फुटक्या ट्यूबा आणल्या. पैसे कोणाकडेच नव्हते. चांगो त्याला म्हणाला होता, "पास झालात की द्या. नापास झालात तर आजच द्या. मागनं कोन देतोय?"

ट्यूबा कापून रुळांखाली घालता घालता साडेआठ झाले. तीन तुकड्यांपुरत्याच पुरल्या. कर्जत, पळसदरी आणि केळवली हिरवे झाले. पुढचे तीन लालच.

"तेवढे दिवे काढून टाकू," पदू म्हणाला. "सांगू, खोपोलीकडचं काम व्हायचं हाय. खोटं काय त्यात?"

हिरू दिव्यांपाशी गेला. एक दिवा त्याने अर्धा पिळून सैल केला. तीन हिरवे दिवे आणि चालणारे डबे, एवढ्यावर पास होता आलं असतं. लाल दिव्यांवर मात्र प्रश्न येणार, आणि उत्तर हसण्यासारखं होतं. पण पंपाच्या वेळीही टाकी मुद्दाम अर्धी ठेवली असती तर तो पास झालाच असता आणि यंत्रातली खोट तशीच राहिली असती, हे त्याला माहीत होतं. त्याने दिवा परत घट्ट केला.

परीक्षक आले, खुर्चीवर बसले, पन्हं प्यायले. हिरूने एक डबा केळवलीला ठेवला, दुसरा कर्जतहून सोडला. तो पळसदरीला येऊन थांबला. केळवलीचा डबा उचलल्यावर पुढे निघाला.

"पुढचे दिवे लाल का?" परीक्षकांनी विचारलं.

"काल आम्ही खळं सारवलं, सर."

"कशाला?"

"तुम्ही येणार म्हणून."

पदूने मान खाली घातली. हिरूने ओल दाखवली, केळवलीची ट्यूब ओढून दिवा लाल करून दाखवला, पुन्हा घालून हिरवा केला.

"हे आधी का नाही सुचलं?"

"तोवर खळं कोरडं होतं, सर."

"मग पावसाळ्यात तुमची गाडी काय करणार?"

"थांबेल. धडकणार नाही."

"आणि रोज थांबणाऱ्या गाडीत लोक बसतील?"

"नाही बसणार. रुळाखाली ओल न धरणारं काहीतरी आधीपासून घालायला हवं. ते आम्ही केलं नाही."

परीक्षक वहीत गुण लिहून उठले. जूनमध्ये निकाल लागला. पास व्हायला चाळीस गुण लागत, तिघांना एक्केचाळीस मिळाले. भिवाजींनी गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि एवढंच म्हणाले, "गिरनीवर दुसरा मानूस बगायला सांगतो." खळं पावसाळ्याआधी मोकळं केलं. डोळवलीची पाटी सोनुबाईने चुलीपाशी फडताळाला लावली, कारण तिथली फळी तुटली होती.

हिरू पुढे खोपोलीच्या एका कारखान्यात विजेच्या देखभालीवर लागला आणि अजून तिथेच आहे. कुठलंही यंत्र बंद पडलं की तो आधी खालची जमीन हाताने चाचपतो. नवी पोरं हसतात. जयाने दुकान सांभाळलं, पदूने टेंपो घेतला.

चांगोने त्याच पावसाळ्यात दुकान मोडलं आणि तो लोधिवलीला जावयाकडे राहायला गेला. हिरू लोधिवलीवरून अनेकदा गेला, पण उतरणं झालं नाही. ट्यूबांचे साडेसात रुपये द्यायचे राहिले आहेत.