फ्लूची लस आणि मी फुगवून सांगितलेलं दुखणं

"इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह आहे. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया उतरलाय," नांदेडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग कागदावरून मान वर करून त्यांनी विचारलं, "यंदा फ्लूची लस घेतली होती का यांनी?"

माझा पुतण्या शिवराज सरळ बोलून गेला, "न्हाई मॅडम. मोठ्या आईनं घेतली होती. तिचा हात चार दिवस वर होईना, म्हणून मम्मी म्हणली, पापड झाल्यावर बघू."

मोठी आई म्हणजे मी. आत तोंडाला मास्क लावून पडली होती ती त्याची मम्मी, माझी धाकटी जाऊ महानंदा. आणि चार दिवस हात वर न होण्याची ती गोष्ट खोटी होती. हे तिथं फक्त मला माहीत होतं.

आता पहिल्यापासून सांगते.

मुखेडला आमची दोन घरं लागून आहेत, मधे कमरेएवढी भिंत. ताक, भाजी, भांडण, सगळं त्या भिंतीवरून चालतं. महानंदाला लग्नाआधीपासून दमा. पंप कायम उशाशी.

उन्हाळ्यात मी लातूरला लेकीकडे गेले होते. मला शुगर आहे, साठी कधीच उलटली. लेक म्हणाली, "आई, पावसाळ्याआधी फ्लूची लस घेऊन टाक." मी आधी नाहीच म्हणाले. कोविडच्या दुसऱ्या डोसला मला दिवसभर थंडी वाजून ताप आला होता, अंग ठणकलं होतं. दुसऱ्या दिवशी उठून भाकरी थापल्या ते वेगळं, पण धसका बसला तो बसलाच.

तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. ही लस वेगळी. हिच्यात मेलेला विषाणू असतो, त्यामुळे लसीनं फ्लू होत नाही. दंड दुखतो, कुणाला एखाद दिवस कणकण येते. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो म्हणून दरवर्षी टोचून घ्यायची, आणि ती अंगी लागायला दोन आठवडे जातात म्हणून साथ यायच्या आधी घ्यायची. कशाची जोरदार ॲलर्जी असेल किंवा अंगात ताप असेल तर आधी सांगायचं. लस दिल्यावर अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं मला.

दंड दुखला. कुशीखाली हात दबल्यावर दुखतो तेवढाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेही गेलं.

तिसऱ्या दिवशी यष्टीनं मुखेडला आले तर गल्लीत उडदाचे पापड सुरू झालेले. आमच्याकडं पापड एकटीनं कुणी करत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, पोळपाट-लाटणं काखेत मारून सगळ्या जणी जातात. दुसरीकडं गेलं नाही तर आपल्याकडं कुणी येत नाही. आणि त्यात जिवावर येणारं काम म्हणजे पीठ कुटणं. उडदाचा तो घट्ट गोळा मुसळानं कुटून कुटून मऊ करायचा, खांद्याचा पार भुगा होतो.

त्या दिवशी कुटायची पाळी माझी होती. प्रवासानं आंबून गेले होते. तोंडातून निघून गेलं, "अगं, मला इंजेक्शन टोचलंय. हात वरच होईना बघा."

एकदा सांगितलं म्हटल्यावर रंग भरायची माझी खोड. दंड कसा टरारून फुगला, वेणी कशी लेकीनं घातली, सगळं सांगितलं. बाया पोट धरून हसल्या. महानंदा मात्र उठली. "अक्का, तुमी लाट्या करा. मुसळ मी घेते."

दम्याची बाई चार घरचं पीठ कुटत होती आणि मी बसून लाट्या तोडत होते.

तिला तिच्या डॉक्टरनंही ही लस सांगितली होती. सुई-बिईला भ्यायची नाही ती, कोविडचे दोन्ही डोस घेऊन दुपारी घरच्या दुकानात बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "अक्का, घेऊ का मी बी?"

"घे, काही होत नाही," असं म्हटलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं. मी म्हणाले, "घे की. पण पापड होऊ दे. तुझा बी हात धरला तर मुसळ कोण धरंल?"

पापड झाले, कुरडया झाल्या, तिच्या भावाच्या पोरीचं लग्न झालं, पाऊस लागला. मला मधे दोनदा लसीची आठवण झाली होती. विषय परत माझ्या हातावर येईल म्हणून मी गप्प राहिले.

श्रावणात तिला ताप आला. तीन दिवस आम्ही काढा आणि वाफ करत बसलो, तेही चुकलं. दम्याच्या माणसाला ताप आला की पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठावा. चौथ्या दिवशी मुखेडच्या डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, बघितला आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली.

नांदेडला चार दिवस ती बायपॅपवर होती. घट्ट मास्कमधून जोरानं हवा आत ढकलणारं मशीन ते. बाहेर बाकावर आम्ही. "महानंदाचे नातेवाईक" असा पुकारा झाला की सगळ्यांच्या आधी मी उठून दाराशी जायची.

एकदा डॉक्टरीणबाईंना एकटीला गाठून विचारलं, "लस घेतली असती तर हे झालं नसतं का?"

त्या म्हणाल्या, "झालंच नसतं असं मी म्हणणार नाही. पण इतकं वाढण्याची शक्यता कमी होती."

त्यांनी सरळ हो म्हटलं असतं तर रडून तरी घेतलं असतं. नाही म्हटलं असतं तर सुटले असते. हे मधलंच घेऊन बसलेय मी अजून.

नवव्या दिवशी महानंदा घरी आली. देवाचे आणि त्या दवाखान्यातल्या नर्स पोरींचे उपकार. पण चार पायऱ्या चढली की आता ती भिंत धरून उभी राहते.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी भिंतीपाशी गेले. म्हणाले, "महानंदा, तवा माझा हात दुखत नव्हता."

"कवा?"

"पापडाच्या टायमाला."

"म्हणजे मी उगंच एकटी कुटून राहिले होते?"

"हाव."

"आन् लस?"

"दीड दिवस दंड दुखला, तेवढंच," मी म्हणाले. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. पंधरा दिवस भिंतीवरून ताकाचा गडू आला नाही. मग आला, पण बोलणं बदललं. चार बायांत मी जरा बसले की म्हणायची, "का अक्का, आज कुठं दुखून राहिलं?" बाया हसायच्या. त्यांना माहीत नव्हतं. मी ऐकून घ्यायची.

बायांनो, लस घेऊन आलेल्या माणसाला विचारणारी दहा माणसं असतात. दुखलं तर दुखलं सांगा, ताप आला तर आला सांगा, लपवू नका. पण जेवढं झालं तेवढंच सांगा.

यंदा पावसाळ्याआधी महानंदानं स्वतः जाऊन लस घेतली. मला विचारलं नाही. पूर्वी लुगडं घ्यायचं तरी "अक्का, घेऊ का?" म्हणायची. मीच आपली पाठोपाठ गेले. टोचून झाल्यावर ती अर्धा तास बाकावर बसली, तिच्या शेजारी मी. पलीकडं एक तरणी बाई आपल्या सासूला घेऊन आली होती. तिनं वाकून मला विचारलं, "मावशी, लई दुखतं का हो?"

मी तोंड उघडलं, तोवर महानंदा म्हणाली, "त्यांना नका विचारू. मला विचारा."