हॉलंडच्या विणकराला झेंडूचा हार

शेजारीण आमच्या उंबऱ्यावर बसून ऊर बडवत होती आणि मेलं कोण, हे तिला ठाऊक नव्हतं.

"कवा गेले वं माय, बाबा?" भिंतीकडे हात करून ती रडत होती. "आजारी बी ऐकलं न्हाई!"

भिंतीला टेकून एक दाढीवाला होता. कपाळावर कुंकू, गळ्यात हार, पुढं उदबत्ती. असा फोटो दिसला की माणूस गेलाच समजायचं.

तो हॉलंडचा. जुन्या चित्रातला विणकर, मागावर बसलेला. नात कापडाचं डिझाइन शिकते. तिच्या कॉलेजातल्या बाईंनी पुठ्ठ्यावरचं ते चित्र दिलेलं, दुसऱ्या दिवशी त्यावर बोलायची परीक्षा.

"आजी, तिकडचे चित्रकार कामधंद्यातून धर्म सांगायचे," ती सकाळी म्हणाली होती. "मागावर सूत नेणारा धोटा इकडून तिकडे झरकन जातो, तसं आयुष्य जातं. वेळेत चांगलं वागा."

"त्याला चित्र कशाला? मी मागावर होते तेव्हा कारखान्यातला मुकादम रोज तेच ओरडायचा."

त्या दिवशी दसरा. आमच्या नवागामात त्या दिवशी कारखान्यातले माग पुजतात. माझं काम सुटलेलं, घरी पुजायला आता नुसती कात्री. चित्रात अख्खा माग फुकट मिळाला, तोही पूजेत मांडला. हार मागालाच घातला होता, पण वरून सोडला तो दाढीवाल्याच्या गळ्यात बसला. कपाळ ओकं दिसलं, म्हणून कुंकू लावलं.

नात न्हाणीतून धावत आली. "आजी! उद्या परीक्षा आहे!"

तिनं ओल्या फडक्यानं पुसलं. कुंकू पसरलं, विणकराचं तोंड लालबुंद झालं.

शेजारणीनं पदरातून डोकावून पाहिलं. "हा मेलाय का पिलाय?"

मला हसू फुटलं. नात ओठ चावत होती, तीही फुटली. दोघी भिंत धरून हसलो, पोट दुखेपर्यंत.

"मग मी रडले कुणाला?"

"हॉलंडच्याला."

"बरं केलं. हितं त्याचं कोण हाय रडायला?"

दुसऱ्या दिवशी नात तेच लाल तोंड घेऊन कॉलेजात गेली आणि तिनं झालं ते सगळं सांगितलं.

"पण कुंकू का?" बाईंनी विचारलं.

"आजीला कपाळ ओकं दिसलं."

वर्ग हसला, बाई हसल्या, नात पास झाली.

विणकर कधीचाच मेलेला होता. वाचलो आम्ही तिघी: मी नातीच्या रागातून, नात परीक्षेतून आणि शेजारीण खोट्या सुतकातून.