सरकारांना दिसलेली पाठ

दातांच्या डॉक्टरांकडे आमच्या गावचे जुने राजे माझ्या शेजारी बाकावर बसले होते. संस्थान विलीन होऊन जमाना झाला, तरी गाव त्यांना सरकारच म्हणतं. समोर त्यांच्या दरबारातले म्हातारे चोपदार, गणूकाका. नाव पुकारल्यावर ते उठले आणि सरकारांना पाठ दिसू नये म्हणून मागे मागे चालत दाराकडे निघाले. वाटेतल्या स्टुलाला अडखळले, तशी सरकारांनी झटकन उठून त्यांचा दंड धरला.

“वळा हो आता, गणूकाका. पडाल.”

“सवय आहे, सरकार.”

“तुमच्या त्या सवयीपायी मी लहानपणी गादीवर लघवी दाबून बसायचो. शेवटचा माणूस असा बाहेर जाईपर्यंत उठायची सोय नव्हती. राज्य गेलं म्हणाले, तेव्हा आधी मोरीकडे पळालो!”

सगळे हसले. गादी गेलेल्या माणसाची मला उगीच कीव यायची. ती त्या हसण्यात विरून गेली.

गणूकाका अवघडले, मग हळूच वळले. आता राज्य दोघांच्याही अंगावरून उतरलं होतं. सरकार त्या पाठीकडे बघतच राहिले.

“अहो, तुम्हाला पोक आलंय? मी इतकी वर्षं मुजराच समजत होतो!”